ब्लास्टरमधलं टू-स्ट्रोक काढून पल्सर २२०चं इंजिन बसेल काय?

कुळागरवाला, सावईवेरे

नमस्कार मंडळी. आमच्याकडे यामाहा ब्लास्टर आहे, ती २०० वाली एटीव्ही, चार चाकांची मोकळी गाडी. मामाने बऱ्याच वर्षांपूर्वी एका हॉटेलवाल्याकडून घेतलेली, कागदबिगद काही नाही, रस्त्यावर आम्ही ती कधी काढतच नाही. फक्त कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) चालते. वरच्या अंगाला पोफळी, खाली माड, मधे चांगलाच चढ, त्यामुळे पाडेली (नारळ पाडणारा) येऊन गेला की नारळ वर आणायचे, शेणखत खाली न्यायचं, चुडतं (माडाच्या झावळ्या) ओढायची, सगळं हिच्यावरच. मागे छोटी ट्रॉली जोडलीय.

पावसाच्या आधी इंजिन जाम झालं. हिचा ऑइल पंप पूर्वीच कुणीतरी काढून टाकलेला, म्हणजे पेट्रोलमधेच 2टी ऑइल मिसळून घालावं लागतं, आणि कामाला आलेल्या नव्या पोराला हे कुणी सांगितलंच नाही. त्याने साधं पेट्रोल ओतलं, ट्रॉली भरली आणि चढ चढायला घेतला, अर्ध्या चढावर खर्र आवाज करून बंद. आता किक खालीच जात नाही.

आता चुलत भावाची पल्सर २२० आहे, कार्बवाली (कार्ब्युरेटरची), प्रदूषणाचा बीएस-६ नियम यायच्या आधीची. अपघातात चॅसिस वाकली पण इंजिनाला काही झालेलं नाही, स्टार्ट करून बघितलं, मख्खन चालतं. इथला एक गॅरेजवाला म्हणतो दोन दिवसात बसवून देतो. दोन दिवस म्हटल्यावरच मला शंका आली. तर विचारायचं असं की चेनची बाजू जुळेल का, फोर-स्ट्रोक उंचीला बसेल का, वायरिंगचं काय करायचं, आणि मुळात हे करण्यात अर्थ आहे का की जुनंच दुरुस्त करू? वेगाची अजिबात गरज नाही, चढ चढली पाहिजे आणि सकाळी एका झटक्यात सुरू झाली पाहिजे बस.

जुना_टूस्ट्रोक

किक जात नाही म्हणजे इंजिन गेलं असं धरून चालू नकोस. आधी हेड आणि सिलिंडर काढ, अर्ध्या तासाचं काम आहे. पिस्टन अडकला असेल तर रात्रभर डिझेल किंवा पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेव, मग लाकडाचा तुकडा ठेवून हळू ठोकून खाली सरकव. पुढचं सगळं क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतो त्या शाफ्टवर) आहे. पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड हातात धरून वर-खाली कर, खडखड लागली तर बिग एंड बेअरिंग गेलं. बाजूला थोडं हलतं ते चालतं, वर-खाली जरासुद्धा नको. क्रँक ठीक निघाला तर हे फक्त हाफ इंजिनचं काम, बोअर मारा (सिलिंडर आतून किंचित मोठं करा), ओव्हरसाइज पिस्टन टाका, संपलं. ब्लास्टरला लोखंडी लायनर आहे त्यामुळे बोअर मारता येतो, काहीजण घाबरवतात की कोटिंगवालं सिलिंडर आहे, तसं काही नाही. ६६चा बोअर ५७चा स्ट्रोक, १९५ सीसी. ही गाडी १९८८ ते २००६ अशी बरीच वर्षं बनली त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट बाहेरून अजून मागवता येतं, कस्टमची कटकट आहे पण मिळतं.

क्रँक गेला असेल तर मात्र इथे कुणालाही देऊ नकोस. रॉड किट टाकून क्रँक परत प्रेस करून ट्रू (एका रेषेत) करणं हे सगळ्यांना जमत नाही, मी बेळगावला उद्यमबागेत देतो, चोर्ला घाट चढायचे कष्ट वसूल होतात.

आणि एक गोष्ट. साध्या पेट्रोलने सीझ झाली हे कबूल, पण बसवताना लीक टेस्ट केल्याशिवाय चालू करू नकोस नाहीतर नवा पिस्टनही जाईल. समुद्राची हवा, पाऊस, महिनोन्महिने उभी असलेली गाडी, क्रँकचे ऑइल सील कडक होतात आणि तिथून हवा ओढतं, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो. मेडिकलमधून बीपीच्या जुन्या मशीनचा फुगा आणि काटा आणायचा, कार्बची बाजू आणि सायलेन्सरची बाजू रबर लावून बंद करायची, ६ पीएसआय भरायचं आणि ६ मिनिटं बघायचं. बीपीचा काटा ३०० पर्यंतच असतो, ते पावणेसहाच्या आसपास होतं, चालतंय. काटा खाली आला तर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं, बहुतेक मॅग्नेटच्या बाजूच्या सीलमधून.

2टी लिटरला ३० मिली धर. आणि मिसळलेलं पेट्रोल कॅनमधे पाऊसभर ठेवू नकोस, आताच्या पेट्रोलमधे इथेनॉल आहे, ते पाणी ओढतं.

माझं मत म्हणशील तर दुरुस्त कर. इंजिन बदलणं म्हणजे एका प्रश्नाच्या जागी सतरा.

पात्रांव_९८

आरडी ३५० बाइकचं इंजिन घाल मरे!! ३४७ सीसी ट्विन, नारळ थेट म्हापशाच्या बाजारात 😂 नाहीतर आरएक्स १३५, इंजिन एवढंसं असतं, कुठेही बसेल, आवाजही टू-स्ट्रोकचाच.

जुना_टूस्ट्रोक

आरडीचं इंजिन ट्रॉली ओढायला? पाप लागेल. आणि आरएक्स १३५ म्हणजे १३२ सीसी, आहे त्यापेक्षा लहान, भरल्या ट्रॉलीने चढावर रडेल. वर करून मिक्सची भानगड तशीच राहिली.

कुंडई_फॅब

मी फॅब्रिकेशनवाला, एटीव्ही आणि बग्गीच्या चॅसिसमधे बाइकची इंजिनं बसवतो, पल्सरची तर सगळ्यात जास्त. दोन दिवसात फक्त टाके (वेल्डिंगचे ठिपके) मारून होतात. भाऊ तुझा प्रश्न "बसेल काय" असा आहे, तर बसेल, सगळंच बसतं, ग्राइंडर असला की झालं. चालेल कसं ते वेगळं. वेळ काढून लिहितो कारण हे काम दर वेळी तीन-चार ठिकाणीच अडतं.

चेन. ब्लास्टरची चेन डावीकडे, पल्सरचीही डावीकडे, तेवढं नशीब. पण डावीकडे असणं आणि एका रेषेत असणं यात फरक आहे. पुढचं सॉकेट (चेनचं दातेरी चाक, स्प्रॉकेट) गाडीच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते दोन्ही इंजिनांचं मोजून घे. पल्सरचं सॉकेट जिथे येईल तिथे चेन सरळ मागच्या सॉकेटवर गेली पाहिजे, म्हणजे इंजिन डावी-उजवीकडे सरकवून बसवावं लागतं, म्हणजे इंजिन मधोमध येत नाही, मग कुठेतरी क्लच कव्हर नाहीतर मॅग्नेट कव्हर फ्रेमच्या पाइपाला लागतं. लोक इथे थोडं वाकडं चालवून घेतात. दोन-तीन एमएमची फरफट चेन सहन करते, त्याच्यावर गेलं की दात एका बाजूने खायला लागतात आणि एक दिवस चढावर चेन उतरून केसमधे घुसते. केस फुटली की इंजिन भंगारात. अॅल्युमिनियमची सरळ पट्टी मागच्या सॉकेटला चिकटवून पुढे बघायचं, डोळ्याच्या अंदाजाने नाही.

दुसरं, स्विंगआर्म. काही गाड्यांमधे स्विंगआर्मचा बोल्ट इंजिनच्या केसमधून आरपार जातो, इंजिन काढलं की मागचं सगळं मोकळं. तुझ्या गाडीत खाली वाकून बघ आणि फोटो टाक. तसं असेल तर नवीन ब्रॅकेट फ्रेमला लावून स्विंगआर्मला वेगळा आधार द्यावा लागेल, आणि तो फुल वेल्ड, टाके नकोत.

उंची. टू-स्ट्रोकला वर नुसतं हेड, व्हॉल्व्ह नाही काही नाही, त्यामुळे बुटकं. फोर-स्ट्रोकला कॅम वर, इंजिन उंच. नुसतं मावून उपयोग नाही, हेड कव्हर काढून टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला हात गेला पाहिजे, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसला इंजिन उतरव. टाकीखालची मधली पाइप आड आली तर लोक ती सरळ कापतात. कापू नकोस, आणि कापायचीच असेल तर आधी बाजूने दुसरी पाइप घालून मग. चढावर ट्रॉली ओढणारी चॅसिस आहे ही, शोची नाही.

फाउंडेशनच्या (इंजिन फ्रेमला धरणाऱ्या) पट्ट्या ८ एमएमच्या कर, ६ची पण चालते पण २२०ला थरथर आहे आणि चढावर ताणाने पट्टी हळूहळू चिरते. तीन ठिकाणी पकड पाहिजे, पुढे, मागे खाली आणि वर हेडजवळ. भंगारातून पल्सरची रिकामी केस मिळाली तर ती घे आणि तिच्यावर माप घेऊन सगळं बनव, भरलेलं इंजिन उचलून ठेवून उचलून ठेवून पाठ जाते. फुल वेल्ड करताना इंजिन बाहेर ठेव. ठेवायचंच झालं तर अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लाव, करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात, महिन्याने आवाज यायला लागतो आणि माणूस म्हणतो इंजिनच खराब होतं. बॅटरी आणि सीडीआयच्या (ठिणगी सोडणाऱ्या डबीच्या) वायरी त्याआधी काढून ठेव.

वायरिंग. ब्लास्टरला बॅटरी नाही, किक मारली की झालं. २२०ला किकच नाही, फक्त सेल्फ, म्हणजे बॅटरी आलीच. भावाच्या गाडीचं पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) काढ, एकही वायर कापू नकोस. लॉक, सीडीआय, दोन्ही कॉइल, रेग्युलेटर, रिले सगळं घे. बाहेर जमिनीवर पसरून इंजिन चालू करून बघ, मग नको ते एकेक कमी कर. उलट क्रमाने केलंस तर इलेक्ट्रिशियनच्या घराचे हप्ते तू भरणार.

सायलेन्सर जुना चालणार नाही. तो फुगीर पाइप टू-स्ट्रोकच्या पोर्टसाठी बनवलेला असतो, फोर-स्ट्रोकला पल्सरचाच बेंड आणि सायलेन्सर वळवून घे, मांडीला लागणार नाही असा.

गिअरिंगचं उद्या लिहितो, आता साइटवर जायचंय.

कुळागरवाला, सावईवेरे

दादा एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, देव बरें करूं. आज सकाळी खाली झोपून बघितलं. वरची मधली पाइप आड येणार असं दिसतं, साधारण दोन बोटं कमी पडतायत, पण सीट आणि टाकी उचलून घेतली तर जमेल असं गॅरेजवाला म्हणतो. सिलिंडर पण काढलं, एका बाजूला पिस्टनचं अॅल्युमिनियम भिंतीला चिकटलंय. रॉड वर-खाली थोडा हलतोय असं वाटतं पण मला नक्की कळत नाही.

जुना_टूस्ट्रोक

वाटतं म्हणजे हलतोय. क्रँकचं काम धरून चाल.

भाटातला_भाऊ

मी वेगळं बोलतो. आमच्याकडेही सत्तरी तालुक्यात अशीच बागायत आहे आणि पल्सरच्या इंजिनची एक गाडी शेजाऱ्याकडे चालते. त्रास काय होतो ते सांगतो, बाइकचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, ती ताशी ४०-५० ने पळणार असं धरूनच बनवलेली असते. कुळागरात तू माणसाच्या चालीने जाणार, वर ट्रॉली, वर चढ, वारा शून्य. क्लच अर्धा दाबून चालवावा लागतो आणि प्लेटा जळतात, वास दुरून येतो. त्यापेक्षा रिक्षाचं इंजिन का नाही घेत? त्याला पंखा आहे, हवा स्वतःच मारून घेतं, चार गिअर पुढे आणि एक रिव्हर्स. कुळागराच्या बांधावर रिव्हर्स नसली तर उतरून ढकलावी लागते, ब्लास्टरला रिव्हर्स नाहीच.

कुंडई_फॅब

भाऊ रिक्षाच्या इंजिनची कल्पना सगळ्यांना सुचते आणि सगळे तिथेच अडकतात. रिक्षाचं इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र असतं, दोन्ही बाजूंना शाफ्ट निघून सरळ चाकांना जातात, चेनच नाही. ब्लास्टरला मागे एक अख्खा एक्सल, मधे सॉकेट आणि एक स्विंगआर्म. ते बसवायचं म्हणजे मागचं अख्खं नवीन बनवायचं, मग ती ब्लास्टर कसली, पुढून ब्लास्टर मागून रिक्षा. शून्यातून बनवायची असेल तर मात्र मीही रिक्षाचंच घेईन, रिव्हर्ससाठीच.

पण तापण्याचं तू म्हणतोस ते शंभर टक्के खरं. २२०ला ऑइल कूलर आहे, तो फेकू नका (बरेचजण जागा नाही म्हणून फेकतात), पुढे समोर लावा आणि त्याच्यामागे १२ व्होल्टचा छोटा पंखा. आणि क्लचचं उत्तर गिअरिंगमधे आहे, तेच लिहायचं राहिलेलं.

हिशेब असा. पल्सरचा मागचा टायर १२०/८०-१७, उंची साधारण ६२ सेंटिमीटर. एटीव्हीचा मागचा टायर २० इंची धरला तर ५१ सेंटिमीटर. नुसत्या टायरनेच गाडी त्याच आरपीएमला अठरा-एकोणीस टक्के हळू जाते, ते आपल्या फायद्याचंच आहे पण पुरत नाही. मागचं सॉकेट दातांना दीडपट केलं तर बाइक ज्या आरपीएमला ताशी ४० जायची तिथे ही २२च्या आत जाईल. मग पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून चढ चढता येतो, प्लेटा जळत नाहीत. पण मागचं सॉकेट मोठं करताना बघा, एक्सल जमिनीपासून मुळात २५ सेंटिमीटरवर. ५२० चेनीचं ५० दात म्हणजे सॉकेट २५ सेंटिमीटर व्यासाचं, खाली उरली साडेबारा-तेरा सेंटिमीटर, त्यात टायरमधे हवा ५ पीएसआय, भार पडला की अजून बसणार. एक चिरा (दगड) आडवा आला की दात वाकले. ४२८ चेन घेतली तर तेच ५० दात २० सेंटिमीटरमधे बसतात. आणि पल्सरचं पुढचं सॉकेट ज्या चेनीचं आहे त्याच चेनीचं मागचं लागेल, दोन्ही एकाच मापाची, हे सांगायची गरज नाही पण मी उलटं केलेलं पण बघितलंय.

अजून चांगलं हवं असेल तर मधे एक शाफ्ट टाक, दोन पेडेस्टल बेअरिंगवर. इंजिनातून शाफ्टवर एक चेन, शाफ्टवरून एक्सलवर दुसरी. गिअरिंग दोन टप्प्यांत कमी होतं म्हणून मागचं सॉकेट लहान ठेवता येतं, आणि वर म्हटलं ती चेन वाकडी जायची भानगडच संपते, पहिली चेन डावीकडे कुठेही असू दे, दुसरी तुझ्या एक्सलच्या रेषेत. इंजिन मधोमध ठेवता येतं. खर्च थोडा वाढतो, चेन दोन सांभाळाव्या लागतात, पण ट्रॉली ओढायला मी हेच करेन.

कुळागरवाला, सावईवेरे

मधला शाफ्ट एकदम पटला. एक विचारतो, उतारावर काय? आता ट्रॉली भरून खाली येताना ब्लास्टर नुसती धावत सुटते, ब्रेकवरच आणावी लागते.

कुंडई_फॅब

तिथेच फोर-स्ट्रोक पैसे वसूल करून देतं. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाहीच. शिवाय तुझं मिक्सवालं होतं, उतारावर थ्रॉटल बंद केला की पेट्रोल बंद, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल पण बंद, आणि इंजिन मात्र फिरतंय. लांब उतारावर मधे मधे थ्रॉटल उघडायचा असतो, ते कुणी करत नाही. २२० पहिल्या-दुसऱ्या गिअरला टाकून सोडली की ती स्वतःच धरून ठेवेल. तरी मागचा ब्रेक नीट करून घे, इंजिन वजनाला जास्त आणि ट्रॉली मागून ढकलणार. ट्रॉलीचा हुक एक्सलच्या उंचीपेक्षा वर नको, चढावर पुढची चाकं उचलली जातात.

जुना_टूस्ट्रोक

उताराचा मुद्दा मान्य. क्रँक गेलाय, उतार आहे, भार आहे, तर मग पल्सर. मी माझं म्हणणं मागे घेत नाही पण तुझ्या कामाला ते बरं पडेल.

आरटीओ_नको_रे

थोडं कागदाचं बघा राव. गाडी घरच्या भाटातच (बागेतच) फिरणार तर कुणी विचारणार नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत मूळ कंपनीच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१९ मधे तेच परत सांगितलं. हिची तर नोंदणीच नाही, म्हणजे रस्ता ओलांडून पलीकडच्या भाटात जायचं असेल तरी विचार करा. खरी भानगड पल्सरची आहे, तिचं आरसी (नोंदणीचं कार्ड) अजून चालू असेल. चॅसिस वाकली नि गाडी परत उभी राहणार नसेल तर कलम ५५ खाली आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या, १४ दिवसांत कळवायचं असतं. इन्शुरन्सचा क्लेम टाकला असेल तर इंजिन काढण्याआधी त्यांना विचारा, टोटल लॉसमधे गाडी त्यांची होते कधी कधी. आणि मित्र आले म्हणून मोरजी-मांद्रेला वाळूवर नेऊ नका, गाडी जप्त होते आणि तिथे कासवं अंडी घालतात.

कुळागरवाला, सावईवेरे

वाळूचा प्रश्नच नाही, हिला समुद्र कधी दिसलेलाच नाही. क्लेम अजून टाकलेला नाही, भावाला आजच सांगतो. दादा चवथ (गणेशचतुर्थी) झाली की गाडी टेम्पोत घालून कुंडईला आणू का? तोवर पल्सर उघडून हार्नेस काढून ठेवतो, न कापता 🙏

कुंडई_फॅब

आण. येताना ट्रॉली पण आण, हुकाची उंची तिथेच बघू. आणि पल्सरचा स्विंगआर्म भंगारात देऊ नकोस, मागच्या सॉकेटच्या हबचं माप लागेल.

पात्रांव_९८

ब्लास्टरचं जुनं इंजिन विकणार काय? क्रँक गेलेला असला तरी चालेल, सिलिंडर आणि कार्बसाठी पाहिजे. इनबॉक्स करतो.